बुबुळाचा हर्पिस आणि लागू न पडणारी औषधं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या डोळ्यात हर्पिस एकदा येऊन गेला, पुन्हा आला, आणि आता "औषधच चालत नाही" असं ज्यांना वाटतंय, त्यांच्यासाठी हे पान आहे. प्रश्न नागपुरातल्या ओपीडीतले आहेत. काही शहरातल्या लोकांचे, बरेचसे काटोल, उमरेड, भंडारा, गडचिरोलीहून पहाटेची बस पकडून आलेल्यांचे. इथे डोसाचे आकडे आले आहेत ते समजण्यापुरते. त्यावरून स्वतःचा डोस ठरवू नका.

डोळ्यात हर्पिस आला कुठून? मी तर कुठे बाहेरचं काही केलं नाही.

हा प्रश्न खाली मान घालून विचारला जातो, म्हणून सरळ सांगतो. डोळ्याचा हर्पिस बहुतेक वेळा हर्पिस सिम्प्लेक्सच्या पहिल्या प्रकारच्या विषाणूमुळे होतो. ताप उतरताना ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड उठतात, त्यामागे हाच विषाणू असतो. तो बहुतेकांना लहानपणीच, घरातल्या कुणाच्या तरी पाप्यामुळे किंवा लाळेतून मिळतो. त्या वेळी काही कळतही नाही. नंतर तो चेहऱ्याच्या संवेदनांच्या नसेच्या गाठीत, कवटीच्या तळाशी, निजून राहतो. वर्षानुवर्षांनी त्याच नसेतून उतरून कधी ओठावर येतो, कधी बुबुळावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर (कॉर्नियावर). चारित्र्याचा इथे काही संबंध नाही. सासूबाईंनाही हे वाचून दाखवा.

म्हणजे ही नागीणच ना?

नाही. नागीण कांजिण्यांच्या विषाणूची. तोही नसेत लपतो, म्हणून गोंधळ होतो. नागिणीत कपाळाच्या एकाच बाजूला फोडांचा पट्टा उठतो. नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळा धोक्यात आहे असं समजायचं. तिला गोळ्या हर्पिसच्याच लागतात, पण डोस बराच मोठा असतो. गेरूचा लेप लावून किंवा नागीण उतरवून घेऊन डोळा वाचत नाही, आणि त्यात जे तीन-चार दिवस जातात तेच गोळीच्या कामाचे असतात.

गोळ्यांनी बरा झाला होता. मग मुळापासून का जात नाही?

असायक्लोव्हिर काय किंवा व्हॅलासायक्लोव्हिर काय, ही औषधं विषाणू स्वतःच्या प्रती काढत असतो तेव्हाच त्याला अडवतात. नसेच्या गाठीत निजलेला विषाणू प्रती काढत नाही, त्यामुळे औषधाला तिथे करण्यासारखं काही नसतं. आजार परत येणं हा या विषाणूचा स्वभाव आहे. अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावच्या रुग्णांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: पहिल्या वेळेनंतर वर्षभरात सुमारे १० टक्के लोकांना पुन्हा त्रास झाला, दोन वर्षांत २३ टक्क्यांना, आणि वीस वर्षांत ६३ टक्क्यांना.

तेव्हा आजार परत आला म्हणजे औषध हरलं असं होत नाही. औषध चालू असताना जखम भरत नसेल, तर तो वेगळा प्रश्न आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की पुढचं सगळं सोपं जातं.

रेझिस्टन्स म्हणजे माझ्या शरीराला गोळीची सवय झाली का?

शरीराला काही होत नाही. बदलतो तो विषाणू.

असायक्लोव्हिर पोटात जातं तेव्हा ते सही न झालेल्या चेकसारखं असतं. वटवायला त्यावर तीन सह्या लागतात. पहिली सही करणारा विषाणूच असतो: थायमिडीन कायनेज नावाचं त्याचं एक एन्झाइम आहे, ते औषधाला पहिला फॉस्फेट चिकटवतं. उरलेल्या दोन सह्या आपली पेशी करते. मग ते औषध विषाणूच्या डीएनएच्या साखळीत घुसतं आणि साखळी तिथेच थांबते. ज्या पेशीत विषाणू नाही तिथे पहिली सहीच होत नाही, म्हणून निरोगी पेशी सुखरूप राहतात. या धर्तीची औषधं शोधण्यातल्या कामासाठी गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चं नोबेल मिळालं.

आता ज्या विषाणूचं हे एन्झाइमच बिघडलेलं आहे तो सही करणार नाही. गोळी पोटात जाईल, रक्तात येईल, बुबुळापर्यंत पोचेल आणि तशीच बाहेर पडेल. असायक्लोव्हिरला न जुमानणाऱ्या हर्पिसपैकी जवळपास ९५ टक्के विषाणूंमध्ये दोष इथेच सापडतो. उरलेल्या थोड्यांमध्ये तो डीएनए बनवणाऱ्या पॉलिमरेजमध्ये असतो.

विषाणूत हा बदल गोळी घेतल्यामुळे होतो का?

बदल आधीच होऊन बसलेला असतो, गोळी फक्त त्याची निवड करते. या एन्झाइमच्या जनुकात एका जागी 'जी' हे अक्षर ओळीने सात वेळा येतं. नक्कल काढताना विषाणू नेमका तिथे अडखळतो. कधी सहाच लिहितो, कधी आठ. एक अक्षर इकडेतिकडे झालं की पुढचा सगळा मजकूर सरकतो आणि एन्झाइम अर्धवट बनतं. 'सी' अक्षराच्या अशाच एका ओळीतही हेच होतं. त्यामुळे औषधाचं तोंडही न पाहिलेल्या विषाणूंमध्येसुद्धा दर काही हजारांमागे एखादा असा निघतो. औषध अर्धवट पोचलं, म्हणजे डोस चुकले किंवा मलम दिवसातून पाचऐवजी दोनदा लावलं, तर साधे विषाणू मरतात आणि या बिघडलेल्याला रान मोकळं मिळतं.

त्यातल्या त्यात बरी गोष्ट अशी की एन्झाइम पूर्ण गमावलेला विषाणू सहसा अशक्त असतो. नसेच्या गाठीतून पुन्हा उठायला त्याला ते एन्झाइम थोडंफार लागतंच. म्हणून एकदा रेझिस्टंट विषाणू सापडला तरी पुढच्या वेळचा हर्पिस औषधाला नीट दाद देणारा असू शकतो. फाइलवर कायमचा शिक्का मारायचं कारण नाही. बुबुळाच्या बाबतीत मात्र काही रुग्णांत तोच रेझिस्टंट विषाणू पुढच्या खेपांनाही सापडला आहे, त्यामुळे बेफिकीर राहूनही चालत नाही.

हे किती जणांत होतं?

ज्यांची प्रतिकारशक्ती ठीक आहे अशा लोकांत, ओठावरचा किंवा इतर ठिकाणचा हर्पिस धरला तर, शंभरात एकाहूनही कमी. अवयव प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी चालू असलेले, एचआयव्हीवर उपचार न घेतलेले, यांच्यात कितीतरी जास्त. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णांत तर तो सगळ्यात जास्त आढळतो.

बुबुळ यात वेगळं पडतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या १७३ रुग्णांच्या बुबुळावरचे विषाणू तपासले, त्यातले ६.४ टक्के असायक्लोव्हिरला दाद देत नव्हते. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, शरीराच्या पहारेकऱ्यांची तिथे वर्दळ कमी असते, त्यामुळे दुबळा विषाणूही तिथे तग धरतो, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. तरी हिशोब उलट बाजूने मांडून पाहा: शंभरातल्या नव्वदाहून जास्त जणांचा विषाणू साध्या औषधाने मरणाराच होता.

दहा दिवस झाले, फरक नाही. म्हणजे रेझिस्टन्सच ना?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. उत्तर बहुतेक वेळा "नाही" असतं. रेझिस्टन्सचं नाव घेण्याआधी बाकीच्या शक्यता एकेक करून खोडाव्या लागतात.

पहिली शक्यता अगदी साधी. औषध डोळ्यापर्यंत पोचलेलंच नसतं. बाहेरगावचे पेशंट प्लास्टिकच्या पिशवीतून पाच-सहा ट्यूबा टेबलावर ओततात. असायक्लोव्हिरची तीन टक्क्यांची ट्यूब महिन्याभराची जुनी असते आणि जेमतेम एक वळी पिळलेली दिसते. दिवसातून पाच वेळा लावायची ट्यूब आठवड्याभरातच बरीच सपाट व्हायला हवी. विचारलं की खरं बाहेर येतं: मलमाने धुरकट दिसतं, गाडी चालवता येत नाही, म्हणून फक्त रात्री लावायचो. यात रुग्णाला बोलून काही होत नाही. दिवसभर उन्हात कामाला जाणाऱ्याला पाच वेळा मलम लावा म्हणणं हीच मुळात गैरसोयीची गोष्ट आहे. अशांना गोळीवर ठेवणं बरं, हे माझं मत. काही वेळा त्या पिशवीत त्वचेची पाच टक्क्यांची असायक्लोव्हिर क्रीमही निघते. ती डोळ्यात घालायची नसते.

दुसरी याच्या नेमकी उलट: औषध जास्त झालेलं. दोन आठवड्यांत जखम भरली, पण मलम कुणी थांबवलं नाही. महिनाभर घातलेलं मलम स्वतःच बुबुळाचा वरचा पापुद्रा खरवडू लागतं. डोळा लाल, खुपतो, पाणी येतं. रुग्णाला वाटतं आजार वाढला, आणि तो आणखी मलम घालतो. इथे उपचार म्हणजे औषध बंद करणं.

तिसरी, नस बधिर झालेली. हर्पिस वारंवार आला की बुबुळाची संवेदना कमी होते. कापसाची बारीक वात करून बुबुळाला टेकवली तरी डोळा मिटत नाही, ही तपासणी मिनिटभराची आहे आणि बधिर करणारे थेंब घालायच्या आधी करायची असते. अशा बुबुळावर गोल, गुळगुळीत कडांची जखम होते आणि ती भरतच नाही. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे विषाणूविरोधी औषध कितीही बदललं तरी ढिम्म हलत नाही. तिला लागतात प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू, बँडेज लेन्स, रुग्णाच्याच रक्तातून बनवलेले सीरमचे थेंब, कधी पापण्या थोड्या शिवून घेणं. माझ्या पाहण्यात "कुठलंच औषध चालत नाही" म्हणून पाठवलेल्यांत ही जखम सगळ्यात जास्त वेळा निघते.

चौथी, आजार खोल गेलेला. बुबुळाच्या मधल्या थरात सूज आणि धुरकटपणा आला असेल तर तिथे विषाणूपेक्षा त्याच्याविरुद्ध शरीराने केलेला दंगाच जास्त असतो. फक्त विषाणूविरोधी औषधाने तो शमत नाही.

पाचवी, निदानच चुकलेलं. विदर्भात हे विसरून चालणार नाही. पऱ्हाटीची काडी लागली, धानाच्या मळणीत कूस उडालं, संत्र्याच्या बागेत काटा घासला, आणि आठ दिवसांनी डोळा लाल झाला, तर आधी बुरशी डोक्यात यायला हवी. कॉन्टॅक्ट लेन्स घालून टाकीच्या पाण्याने तोंड धुणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींत अकँथअमीबा हा पाण्यातला सूक्ष्मजीव निघतो. सुरुवातीला तो हुबेहूब हर्पिससारखा दिसतो, फक्त दुखणं दिसण्याच्या मानाने फार जास्त असतं.

आणि सहावी, दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब. त्यांचा प्रश्न खाली वेगळा घेतला आहे.

मग रेझिस्टन्सचा संशय घ्यायचा कधी?

निळ्या प्रकाशाखाली पाहिल्यावर जखम अजूनही फांद्याफांद्यांची, फांदीच्या टोकाला बारीक गाठ असलेली दिसते, म्हणजे विषाणू जिवंत आहे. औषध योग्य ताकदीचं, योग्य वेळा, खरोखर आठ-दहा दिवस घेतलं आहे. स्टिरॉइड चालू नाही. तरी फांद्या आहेत तशाच किंवा वाढलेल्या. इथे संशय घ्यायचा. दोन आठवड्यांपर्यंत तेच चित्र असेल तर संशय पक्का. आजार परत येऊ नये म्हणून रोज घ्यायची प्रतिबंधक गोळी वर्षाहून जास्त चालू असताना आजार उठला असेल, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारं कुठलं औषध चालू असेल, तर इतकंही थांबू नये.

त्याची टेस्ट नागपुरात होते का?

आधी टेस्ट कोणती ते पाहू. पीसीआर सांगतं हर्पिस आहे की नाही. तो औषधाला दाद देईल की नाही हे पीसीआर सांगत नाही, आणि इथेच रुग्णांची फसगत होते. रेझिस्टन्स ठरवायचे दोन मार्ग आहेत. एक, विषाणू पेशींवर वाढवायचा आणि औषधाच्या वाढत्या मात्रा घालून तो कुठे थांबतो ते पाहायचं. याला एक-दोन आठवडे सहज जातात. दुसरा, थायमिडीन कायनेज आणि पॉलिमरेजची जनुकं वाचायची. हा वेगवान, पण सापडलेला बदल निरुपद्रवी आहे की दोषाचा, हे दर वेळी ठामपणे सांगता येत नाही.

दोन्ही तपासण्या कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबच्या नाहीत. मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांच्या किंवा मिहानमधल्या एम्सच्या नेत्र विभागात दाखवत असाल तर नमुना कुठे पाठवता येईल हे तिथेच विचारावं. गुंतागुंतीच्या बुबुळासाठी नागपूरची माणसं हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत जातात, तो रस्ता आहेच. कुठेही जा, नमुना घेण्याची एक अट आहे: तो रंगाचा थेंब घालण्याआधी घ्यायला हवा. फ्लुओरेसिन या रंगामुळे पीसीआर बिघडू शकतं, आणि रोझ बेंगॉल हा रंग तर विषाणूलाच मारतो.

व्यवहारात मात्र अहवाल येईपर्यंत कुणी हात बांधून बसत नाही. उपचार संशयावरच बदलावा लागतो.

गोळीची कंपनी बदलली, मग व्हॅलासायक्लोव्हिर दिलं, मग गॅनसायक्लोव्हिरचं जेल. तरी तेच. असं का?

कारण सही करणारा तोच आहे. व्हॅलासायक्लोव्हिर हे पोटातून जास्त शोषलं जाणारं असायक्लोव्हिरच. साध्या गोळीतलं १५ ते २० टक्के औषध रक्तात पोचतं, यातलं निम्म्याहून अधिक. ज्याला डोस पुरत नव्हता त्याला या बदलाने खरंच फायदा होतो. फॅमसायक्लोव्हिर आणि गॅनसायक्लोव्हिर दिसायला वेगळी, पण त्यांनाही पहिली सही विषाणूकडूनच हवी असते. विषाणूने सही करणंच सोडलं असेल तर या चौघांपैकी कुणाचाच चेक वटत नाही. नावं चार असली तरी औषधाचा खरा बदल एकदाही झालेला नसतो.

मग खरा बदल कोणता?

ट्रायफ्लुरिडिनचे एक टक्क्याचे थेंब. याच्यावर आपल्या पेशीचं एन्झाइमही सही करतं, त्यामुळे विषाणू अडून बसला तरी काम होतं. जागेपणी दर दोन तासांनी, दिवसाला नऊ थेंबांपर्यंत घालायचे. पण पेशीच सही करत असल्यामुळे निरोगी पेशींनाही त्याचा चटका बसतो, म्हणून एकवीस दिवसांपलीकडे ते नेत नाहीत.

सिडोफोव्हिरलाही विषाणूच्या सहीची गरज नाही. फॉस्कार्नेट तर रोख रकमेसारखं, त्याला कुणाचीच सही लागत नाही. ते थेट पॉलिमरेजला जाऊन बसतं. दोन्ही मूत्रपिंडाला जड. फॉस्कार्नेट शिरेतून देताना रक्तातलं कॅल्शियम घसरतं, म्हणून ते रुग्णालयात दाखल करूनच देतात. काही बुबुळतज्ज्ञ त्याचे थेंब खास बनवून घेतात. ही औषधं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतीलच असं नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मागवून घ्यावी लागतात, त्यात दिवस जातात, तेव्हा विचारणा लवकर सुरू करायची.

आणि एक जुना उपाय आहे, जो रुग्णांना फार साधा वाटतो: बुबुळ बधिर करून जखमेच्या कडेचा सैल पापुद्रा कापसाच्या काडीने हलकेच पुसून काढणं. विषाणू त्या पापुद्र्यातच भरलेला असतो. जनुक कसंही बदललेलं असो, पुसून काढलेला विषाणू गेलेलाच असतो. औषध मिळेपर्यंत हा हातचा उपाय मी तरी आधी वापरतो.

वर्षभर रोज गोळी घ्यायला सांगितलंय. त्यानेच रेझिस्टन्स येणार नाही का?

शंका रास्त आहे. दोन्ही बाजू मांडतो.

अमेरिकेत १९९८ मध्ये ७०३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभर रोज दोनदा ४०० मिलिग्रॅम असायक्लोव्हिर घेणाऱ्यांपैकी १९ टक्क्यांना डोळ्याचा हर्पिस परत आला, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांना. ज्यांच्या बुबुळाच्या मधल्या थराला आधी सूज आली होती त्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला: तीच सूज परत येण्याचं प्रमाण २८ वरून १४ टक्क्यांवर आलं. डोळ्यात फूल पडतं ते याच सुजेमुळे, म्हणून हा फायदा मोठा आहे.

दुसरीकडे, नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की बारा महिने किंवा त्याहून जास्त काळ प्रतिबंधक असायक्लोव्हिर घेतलेल्यांच्या बुबुळात रेझिस्टंट विषाणू सापडण्याची शक्यता वाढते.

माझा निष्कर्ष: फक्त वरच्या पापुद्र्यावर एकदाच हर्पिस आलेल्याला वर्षभर गोळी देण्याची घाई नको. मधला थर सुजलेला असेल, एकच चांगला डोळा उरला असेल, बुबुळ बदललेलं असेल, तर गोळी द्यावी आणि ती नियमित घ्यावी. दर सहा महिन्यांनी "अजून हवी का?" हा प्रश्न डॉक्टरांनी स्वतःला विचारावा. त्यांनी नाही विचारला तर तुम्ही विचारा. वर्षानुवर्षं केवळ जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणत राहणं आणि मध्येच पंधरा दिवस विसरणं, हा सगळ्यात वाईट प्रकार.

नागपूरच्या उन्हाळ्यात त्रास जास्त होतो का?

प्राण्यांवरच्या प्रयोगांत अतिनील किरणांनी विषाणू जागा होतो. वर सांगितलेला ७०३ रुग्णांचा अभ्यास ज्या मालेतला आहे, त्या माणसांवरच्या अभ्यासमालेत मात्र ऊन, ताण, मासिक पाळी यांचा ठोस संबंध दिसला नाही. टोपी आणि गॉगल घालाच. पण "उन्हात गेले म्हणून झालं" असा दोष घरच्या बाईला देऊ नका.

उन्हाळ्याचा खरा संबंध गोळीशी आहे. असायक्लोव्हिर लघवीवाटे जातं, आणि शरीरात पाणी कमी असलं तर मूत्रपिंडात त्याचे खडे जमू शकतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे असताना शेतात किंवा साइटवर राबणाऱ्या माणसाने ही गोळी घेताना पाण्याची बाटली सोडू नये. अंगदुखीसाठी वरून दुखणं मारायच्या गोळ्या घेतल्या की धोका आणखी वाढतो. साठीपुढचे, मधुमेही, किडनी अधू असलेले यांनी गोळी सुरू करण्याआधी रक्तातलं क्रिएटिनीन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) तपासून घ्यावं, डोस त्यावरून कमी करावा लागतो. म्हातारं माणूस या गोळीवर अचानक असंबद्ध बोलू लागलं, भास होऊ लागले, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

एक डॉक्टर स्टिरॉइड बंद करा म्हणतात, दुसरे घाला म्हणतात. खरं कोण?

दोघंही खरे असू शकतात. वरच्या पापुद्र्यावर फांद्यांची जखम जिवंत असताना स्टिरॉइड घातलं तर फांद्या एकमेकींत मिसळून नकाशासारखी मोठी जखम होते. मधल्या थराला सूज असेल तर विषाणूविरोधी औषधाच्या आडोशाने स्टिरॉइड द्यावंच लागतं, आणि ते आठवड्यांनी, हळूहळू, कमी करायचं असतं. एकदम थांबवलं तर सूज उसळून परत येते. तिलाही लोक रेझिस्टन्स समजतात.

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली तेव्हा शेजाऱ्याचे थेंब सर्रास वापरले गेले. अँटिबायोटिक आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड एकत्र असलेले हे थेंब लाल डोळा दोन दिवसांत पांढरा करतात, म्हणून लोकांना ते फार आवडतात. एकदा हर्पिस झालेल्या डोळ्यात ते स्वतःहून घालू नका. दुकानदाराने कितीही भरवसा दिला तरी नाही.

घरच्यांना लागेल का?

जखम ताजी असताना टॉवेल, रुमाल, काजळाची डबी वेगळी ठेवा. मोठ्यांपैकी बहुतेकांकडे हा विषाणू आधीच असतो. जपायचं ते नवजात बाळाला: ओठावर फोड किंवा डोळा लाल असताना बाळाचा पापा घेऊ नका. एक महिन्याच्या आतल्या बाळाला हा विषाणू जिवावर बेततो.

मध, गुलाबजल, आईचं दूध?

नको.

बुबुळ बदललं तर कायमची सुटका?

नजर परत मिळू शकते, विषाणूपासून सुटका नाही. तो बुबुळात राहत नाही, नसेच्या गाठीत राहतो, आणि नव्या बुबुळावरही उतरतो. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी डोळा काही महिने शांत असावा लागतो आणि नंतर वर्षभर किंवा जास्त गोळी चालू ठेवतात. आधी रेझिस्टंट विषाणू निघाला असेल तर ती नोंद शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या हातात पडलीच पाहिजे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनलाही हेच लागू. शिबिरात नाव घालताना पूर्वी डोळ्यात हर्पिस झाला होता हे सांगा, कुणी विचारलं नाही तरी.

नवीन औषध येतंय का?

विषाणूच्या डीएनएची वेणी उलगडणाऱ्या एन्झाइमला अडवणारा नवा गट आहे. त्यातलं अमेनामेव्हिर जपानमध्ये २०१७ साली नागिणीसाठी मंजूर झालं. प्रिटेलिव्हिर हे दुसरं औषध, जुन्या औषधांना न जुमानणाऱ्या हर्पिसवर त्याच्या चाचण्या झाल्या आहेत. दोघांनाही सहीची भानगड नाही. डोळ्यासाठीचा नेहमीचा उपचार म्हणून ती अजून आपल्या हातात नाहीत.

रात्री डोळा खुपायला लागला, आधीची अर्धी ट्यूब घरात आहे. लावू का?

तुमच्या डॉक्टरांनी "असं झालं तर लगेच सुरू कर" असं आधीच सांगून ठेवलं असेल तर लावा. ट्यूब उघडून महिना उलटला नाही ना, तेवढं पाहा. तसं सांगितलेलं नसेल, किंवा मागच्या खेपेला औषध लागू पडलं नव्हतं, तर काही न लावता सकाळी जा. नमुना घ्यायचा असेल तर तो औषध न लावलेल्या डोळ्यातूनच चांगला मिळतो. लेन्स असेल तर रात्रीच काढा आणि डबीसकट सोबत न्या.